प्रिलिमच्या मार्कांनी घाबरलेल्या आईला: आकडा राहू द्या, पेपर मागून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा दहावीत, राज्य मंडळ, मराठी माध्यम. सहामाहीला बीजगणितात 40 पैकी 27 आणि भूमितीत 25 होते, प्रिलिमला थेट 17 आणि 14 वर आला. पालकसभेत सर सगळ्यांसमोर म्हणाले की असंच चाललं तर अवघड आहे. मिस्टरांनी त्याच दिवशी मोबाईल काढून घेतला, तेव्हापासून बापलेकात बोलणं बंद, आणि आईचं ऑफिसात लक्ष लागत नाही. बोर्डाला महिना-सव्वा महिना उरलाय. सरांना भेटू का, क्लास बदलू का, की गप्प बसू?

ताई, मी गणित शिकवते, बोर्डाचे पेपर तपासलेत, नियामक म्हणूनही, म्हणजे तपासलेले पेपर पुन्हा बघायचंही, काम केलंय, त्यामुळे आधी सरळ हिशोबाचं बोलू. दोन्ही पेपर मिळून 80 पैकी 31 झाले. शाळेकडचे अंतर्गत 20 असतात, त्यात नियमित येणाऱ्या पोराला साधारण पंधराच्या आसपास तरी पडतातच. पास व्हायला सगळं मिळून 100 पैकी 35 लागतात, म्हणजे आज प्रिलिमसारखाच पेपर त्याने बोर्डाला दिला तरी तो पास आहे. शिवाय सहा विषयांपैकी सगळ्यात कमी मार्कांचा विषय टक्केवारीत धरतच नाहीत, बेस्ट ऑफ फाइव्ह, 600 चे 500 होतात. हे मी त्याने गणित सोडून द्यावं म्हणून सांगत नाहीये. तुमच्या घरात सध्या जे वातावरण आहे ना, पोरगा नापासच होणार असल्यासारखं, ते कशावर उभं आहे तेवढं तपासून बघा म्हणून सांगतेय.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रिलिमला मार्क पडतात, हे जवळपास दरवर्षीचं आहे. सहामाहीला निम्माच सिलॅबस असतो, प्रिलिमला पूर्ण, आणि शेवटचे धडे डिसेंबरात घाईघाईत उरकलेले असतात, भूमितीत त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन तर खासच. त्यात बऱ्याच शाळा प्रिलिम मुद्दाम कडक तपासतात, पोरं हलली पाहिजेत म्हणून. मला स्वतःला हे पटत नाही, कारण जे पोरगं हलायला हवं ते हलत नाही आणि जे आधीच घाबरट आहे ते मात्र रात्रभर जागतं. पण चालतं असं.

मग करायचं काय, तर त्या 31 कडे बघणं बंद करा आणि उत्तरपत्रिका हातात घ्या. मी इतक्या पालकसभा बघितल्या, किती मार्क पडले हे प्रत्येक जण विचारतो, पेपर उघडून बघू का असं विचारणारा एखादाच. आकडा बघून फक्त राग येतो किंवा रडू येतं, त्याच्यावर करता काहीच येत नाही. पेपर बघितला की करण्यासारखं काहीतरी सापडतं.

बोर्डाचा गणिताचा पेपर कसा असतो ते आधी सांगते म्हणजे तुम्हाला पेपर वाचता येईल, गणित येत नसलं तरी. बीजगणित असो की भूमिती, आराखडा एकच. पहिला प्रश्न 8 मार्कांचा, त्यात 4 पर्याय निवडायचे आणि 4 एकेका मार्काचे. दुसरा 12 चा, त्यात 4 मार्कांच्या कृती, म्हणजे अर्धवट सोडवलेलं गणित देतात आणि चौकटी भरायच्या असतात, आणि उरलेल्या 8 ची दोन-दोन मार्कांची साधी गणितं. तिसरा 9 चा, त्यातही 3 मार्कांची एक कृती. चौथ्यात चार-चार मार्कांची दोन गणितं, ती अवघड, आणि पाचवा 3 मार्कांचा, जरा डोकं चालवायला लावणारा. आता बेरीज बघा, पहिले तीन प्रश्न मिळून 29 होतात. चौथा-पाचवा मिळून फक्त 11. क्लासवाले, हुशार पोरांचे आईबाप, आणि खरं सांगायचं तर आमच्यातले काही शिक्षकसुद्धा, सगळा जानेवारी त्या 11 मार्कांच्या मागे घालवतात, आणि 17 वाला पोरगा त्या रेट्यात उगाच वाहत जातो. तुमच्या मुलाचं काम पहिल्या 29 मध्ये आहे.

पेपर घेऊन दोघं बसा (मिस्टर नकोत त्या वेळी, त्यांच्याकडे नंतर येते), आणि जिथे जिथे मार्क गेले तिथे पेन्सिलने एक अक्षर लिहा. येत नव्हतं त्याला न, येत होतं पण चुकलं त्याला च, वेळच पुरला नाही त्याला व. बस. लेक्चर नाही, सुस्कारे नाहीत, "हे तर मी तुला सांगितलं होतं" नाही. त्याला स्वतःलाच लिहू द्या अक्षर. माझा अनुभव असा की ज्या घरांत सगळ्यांना वाटत असतं की याला काही येतच नाही, तिथे पेपरवर च आणि व चा सडा पडलेला असतो. वजाचं चिन्ह उतरवताना अधिक झालं, प्रश्नात विचारलं एक आणि काढलं दुसरंच, समरूपतेत त्रिकोणाच्या अक्षरांचा क्रम चुकला, सूत्र येत होतं पण लिहिलंच नाही आणि थेट आकडे टाकले, मग उत्तर चुकलं आणि हातात शून्य. बोर्डात पायरीला मार्क असतात, अर्धा-अर्धा करून जमतात, सूत्र लिहिलं, किंमती घातल्या, तरी काहीतरी पदरात पडतं. कोरी जागा असेल तर तपासणाऱ्याला द्यायची कितीही इच्छा असली तरी देणार कुठे? आम्ही तपासताना पान उलटून उलटून शोधतो हो, कुठे अर्धा मार्क देता येईल का म्हणून. पोरांना वाटतं आम्ही कापायला बसलोय.

व जास्त असतील तर उपाय सोपा पण कंटाळवाणा आहे. रविवारी सकाळी बरोबर 11 ला जेवायच्या टेबलावर पेपर लिहायला बसवायचं, 1 वाजून 10 मिनिटांनी काढून घ्यायचा. एकेक पेपर दोन तासांचा असतो, आणि 2023 पासून आधीची पेपर वाचायची 10 मिनिटं बंद करून ती शेवटी जोडलीत. हे मुद्दाम सांगतेय कारण मोठ्या ताई-दादांकडून ऐकून पोरं अजूनही समजतात की पेपर आधी हातात मिळतो. 11 ला मिळतो, त्याच्या आधी अर्धा तास केंद्रावर हजर राहायचं. रात्री साडेअकराला चहा पिऊन सोडवलेला पेपर आणि सकाळी 11 चा पेपर यात फरक पडतो, डोकं ज्या वेळी चालवायचंय त्या वेळी चालवायची सवय लागली पाहिजे. शेवटचे दोन आठवडे तरी जागरणं बंदच, साडेदहा-अकराला लाईट ऑफ.

न वाल्या धड्यांत सगळे करायला जाऊ नका. बीजगणितात संभाव्यता आणि अर्थनियोजन हे दोन धडे मागे पडलेल्या पोराच्याही लवकर हातात येतात, जीएसटीचं गणित तर किराणा दुकानाच्या बिलावरसुद्धा दाखवता येतं. दोन चलांतील समीकरणं पाया आहे, ती सोडून चालणार नाही. भूमितीत भौमितिक रचना, पेन्सिलला टोक असेल आणि कंपास ढिला नसेल तर मिळणारे मार्क आहेत ते, आणि निर्देशक भूमिती, कारण तिथे सूत्रात आकडे घालायचे असतात. वर्तुळाचा धडा मोठा आहे, त्यातली साधी एक-दोन मार्कांची गणितं करा आणि पुढे चला. अजून एक बारीक गोष्ट, पर्यायाच्या प्रश्नात पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच धरतात, पेपरवर तशी सूचनाच छापलेली असते, खोडून दुसरं लिहिलं तरी उपयोग नाही. मुलं सूचना वाचत नाहीत, त्यामुळे आत्ताच सांगून ठेवा.

आता सरांबद्दल. पालकसभेत सगळ्यांसमोर बोलले ते चुकलंच, त्यात मी त्यांची बाजू घेणार नाही, पंधरा वर्षांच्या पोराचे मार्क चारचौघांत वाचायचे नसतात. पण ते असं का बोलले असतील हे मला बाहेरून तरी कळतं. जानेवारी ते एप्रिल शाळेत काय असतं ते पालकांना दिसत नाही. प्रिलिमचे गठ्ठे, त्याचवेळी अंतर्गत मूल्यमापनाच्या नोंदी, मग तोंडी आणि प्रात्यक्षिक, मग बारावी-दहावीच्या सुपरव्हिजनच्या ड्युट्या, ड्युटीवरून आल्यावर बोर्डाचे पेपर तपासायचे, ते नियामकाकडे वेळेत पोचवायचे, आणि पाचवी ते नववीचे वर्ग चालूच. 2025 ला तर पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबवल्या आणि निकाल मात्र 1 मेच्या आसपास हवे होते, शिक्षकांनी ते कसं उरकलं त्यांचं त्यांना माहीत. त्यावर मुख्याध्यापकांचा विषयवार निकालाचा तक्ता असतो, कुणाच्या विषयात किती नापास, गेल्या वर्षीपेक्षा किती खाली. दहावीला गणित शिकवणारा माणूस फेब्रुवारीत स्वतःच परीक्षेला बसलेला असतो.

आणि हे निकालाचे आकडे किती फसवे असतात बघा. राज्याचा दहावीचा निकाल 2018 ला 89.41 टक्के होता, 2019 ला 77.10 वर आला, 2020 ला 95.30. पोरं एका वर्षात ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली का? तर 2019 ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत 20 मार्क काढून टाकले होते आणि पुढच्या वर्षी परत दिले, शिवाय 2020 ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, बाकीच्या विषयांची सरासरी काढून मार्क दिले. 2019 च्या जूनमध्ये किती शिक्षकांनी बोलणी खाल्ली आणि किती घरांत सुतक असल्यासारखं होतं, आणि कारण काय तर नियम. त्यामुळे शाळेच्या गेटवर शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स दिसला की मला आनंद कमी आणि धास्ती जास्त वाटते, कारण तो फ्लेक्स टिकवायला पुढच्या वर्षी कुणाला तरी पालकसभेत उभं करणार.

तर सरांना भेटा, जरूर भेटा, पण शाळा सुटताना गेटवर गाठू नका आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅप करू नका. दुपारच्या सुट्टीत दहा मिनिटं मागा. जाताना ती पेन्सिलने खुणा केलेली उत्तरपत्रिका घेऊन जा, शाळा ठेवून घेत असेल तर निदान प्रश्नांनुसार कुठे किती गेले ते लिहून न्या. "सर, कमी का पडले" असं विचारलंत की त्यांच्याकडे एकच उत्तर आहे, अभ्यास करत नाही. त्याऐवजी विचारा की याचे दुसऱ्या प्रश्नात सारखे मार्क जातायत, तुम्हाला कुठले दोन धडे याने पक्के करावेत असं वाटतं. असं विचारणारा पालक आला की दिवसभर दमलेला शिक्षकसुद्धा खुर्ची पुढे ओढून बसतो, हे मी आमच्या स्टाफरूममध्ये बघितलंय. निघता निघता हेही सांगा की सभेत नाव घेऊन बोललात त्याचं त्याला लागलंय, पुढच्या वेळी एकट्याला बोलवा. शांतपणे सांगितलं तर ऐकतात.

ज्या शिक्षकांना हे आपल्यालाही लागू आहे असं वाटतंय त्यांना एवढंच सांगते, प्रिलिमच्या पेपरवर नुसता गोलातला आकडा देऊ नका. वेळ नसतो, मान्य, पण शेवटच्या पानावर "कृतीचे प्रश्न सोडू नकोस", "सूत्र लिही" एवढे दोन-चार शब्द टाकले तरी पोरगं घरी जाऊन काहीतरी करतं. आणि वर्गात पेपर वाटताना मार्क मोठ्याने वाचू नका, प्लीज.

मिस्टरांचा विषय. मोबाईल काढून घेण्याला माझा विरोध नाही, परीक्षेच्या महिन्यात मोबाईल कमीच असावा, पण तो शिक्षा म्हणून काढून घेतलाय, हा घोळ आहे. शिक्षा संपायला अपराधही संपावा लागतो, आणि आता त्याच्या डोक्यात असं बसलंय की चांगले मार्क पडेपर्यंत बाबा आपल्याशी बोलणार नाहीत. हे मोडायचं असेल तर मोबाईलचा नियम घराचा करा. अभ्यासाच्या वेळेत तिघांचेही फोन टीव्हीजवळच्या टोपलीत, संध्याकाळी अर्धा तास त्याचा त्याला. आणि मिस्टरांना एक काम द्या ज्यात गणित नाही. केंद्रावर सोडायला जाणं, रविवारच्या पेपरला घड्याळ लावणं, कंपास बॉक्स आणून देणं. बापांना बऱ्याचदा काळजी दाखवायची कशी तेच माहीत नसतं, म्हणून ते ओरडतात. काम दिलं की ओरडणं आपोआप कमी होतं असा माझा तरी अनुभव आहे, तुमच्या घरी होईल की नाही ते तुम्ही सांगा.

पेपर सुरू झाले की सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं माहितीये? केंद्राच्या गेटवर, 1 वाजून 10 मिनिटांनंतर. पोरगं बाहेर येतं, आई विचारते कसा गेला, मित्र म्हणतो तिसऱ्याचं उत्तर 12 आलं ना, याचं 15 आलेलं असतं, संपलं. बीजगणित आणि भूमितीच्या मधे बहुधा एखादाच दिवस मिळतो, तो पूर्ण दिवस त्या 12 आणि 15 मध्ये जातो, आणि बरेचदा मित्राचंच चुकलेलं असतं. त्यामुळे घरी आधीच ठरवून टाका की झालेल्या पेपरची प्रश्नपत्रिका कपाटात जाईल आणि शेवटचा पेपर होईपर्यंत बाहेर निघणार नाही. गेटवर फक्त पाण्याची बाटली द्यायची आणि जेवायला काय ते विचारायचं. क्लासवाले संध्याकाळी उत्तरं टाकतात ती बघू नका, तुम्हीही बघू नका, कारण तुमच्या चेहऱ्यावर दिसतं. पालकांचा ग्रुप महिनाभर म्यूट करा, तिथे पेपर फुटल्याच्या अफवा, उद्याचे हमखास प्रश्न आणि कुणाच्या तरी भाच्याचे प्रिलिमचे मार्क एवढंच येतं.

आजारी पडला तर? तोंडी किंवा प्रात्यक्षिक चुकलं तर घाबरू नका, शाळेला त्याच दिवशी कळवा, लेखी परीक्षेनंतर ती वेगळी घेतात, त्याला आउट ऑफ टर्न म्हणतात. लेखी पेपर चुकला किंवा एखादा विषय राहिलाच तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला बसता येतं. मार्क कमी वाटले तर ते वाढवायला पुन्हा परीक्षा देता येते, श्रेणीसुधार म्हणतात त्याला. निकालानंतर मार्क पटले नाहीत तर ऑनलाईन अर्ज करून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, आणि पुनर्मूल्यांकन, म्हणजे पेपर पुन्हा तपासून घ्यायचा असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते. ती हातात आली की तिथेही तेच करा, एकूण न बघता प्रश्न बघा, शाळेतल्या शिक्षकांना दाखवा, मगच पुढचे पैसे भरा. नुसतं "एवढे कमी कसे" म्हणून अर्ज करणाऱ्यांचे पैसे बहुतेक वाया जातात. हे सगळे रस्ते निकालाच्या दिवशी सांगायचे नसतात, आत्ताच सहज बोलता बोलता सांगून ठेवायचे, त्या दिवशी पोराला काही ऐकू येत नाही.

एक मात्र गंभीरपणे. अबोला आहे म्हणालात, तो रुसवा असेल तर आठवडाभरात निवळेल. पण जेवण तुटलंय, झोप नाही, आवडीच्या गोष्टीतूनही लक्ष उडालंय, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलला असेल, चेष्टेत का होईना, तर अभ्यास बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. बोर्डही परीक्षेच्या काळात समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं. असा फोन करायला वेड लागलेलं असावं लागत नाही, आणि तुम्ही स्वतःसाठीही करू शकता, ऑफिसात लक्ष लागत नाही म्हणालात म्हणून सांगितलं.

राहिला क्लास. आता बदलू नका. नवीन क्लास पहिले पंधरा दिवस स्वतःची पद्धत शिकवण्यात घालवेल, पोरगं दोन पद्धतींच्या मधे अडकेल आणि तुमची फी जाईल ती वेगळीच. आहे त्याच क्लासच्या सरांना सांगा की चौथ्या-पाचव्या प्रश्नाच्या बॅचला याला बसवू नका, तेवढा वेळ कृती आणि दोन मार्कांची गणितं करून घ्या. ते नाही म्हणाले तर तेवढ्या तासाला घरी ठेवा.